दहा वर्षांच्या बोक्यासाठी कसली गादी घ्यावी?

शेवंती: बोका दहा वर्षांचा, वजन साडेचार किलो. घर चिपळूणला, त्यामुळे पावसाळाभर ओल. दुकानातून आणलेली लोकरीसारख्या कापडाची गोल गादी बाहेरून ५० सेंमी आहे, पण तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. खोक्यात नाहीतर वाळलेल्या कपड्यांच्या ढिगावर झोपतो. सोफ्यावर चढण्याआधी हल्ली थांबून अंदाज घेतो. नवीन घ्यायची तर माप, भरण, कापड काय बघावं? पिसवाही आहेत.

रानवारा: ताई, आधी माप. गादीवर लिहिलेलं माप बाहेरचं असतं. काठ ८ सेंमी जाड असेल तर ५० सेंमीच्या गादीत आत जेमतेम ३४ उरतात. एवढ्या वजनाच्या बोक्याला गुंडाळून झोपायलाही ४०-४५ लागतात, आणि सांधे आखडले की मांजर गुंडाळण्याऐवजी आडवं पसरतं. आतून किमान ५० हवी. तो झोपलेला असताना शेजारी टेप धरून बघा.

काठ तीन बाजूंनी असावा. मांजराला पाठ टेकायला, हनुवटी ठेवायला काहीतरी लागतं. चौथी बाजू मात्र बसकी, ५ सेंमीच्या आत, म्हणजे पाय उचलावा लागणार नाही.

आणि ते थांबून अंदाज घेणं नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका. सांधेदुखी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

सुईदोरा: भरणात कापूस नको. त्याचे गोळे होतात, आणि कोकणातल्या पावसात एकदा भिजला की आतून वाळतच नाही, बुरशीचा वास धरतो. थर्माकोलचे मणीही नकोत. शिवण उसवली की मांजर ते खातं.

गादीवाल्याकडून ४० डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला ४० किलो वजनाचा), २ इंच जाडीचा फोम २० बाय २० इंच कापून घ्या. मुठीने दाबल्यावर खालची फरशी हाताला लागली तर तो फोम हलका आहे, दुखऱ्या सांध्यांना उपयोगाचा नाही. फोमला बाळांसाठी मिळते ती ड्राय शीट गुंडाळा. रेक्झिन घालू नका, हलताना आवाज होतो आणि मांजर बिचकतं. वरून जुन्या सुती साडीची खोळ, एक चेन लावून. खोळी दोन शिवा: एक वापरात, एक दोरीवर.

नाड्या, गोंडे, लेस काही लावू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे दोरा तोंडात गेला की तो बाहेर थुंकता येत नाही. असा दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशनच करावं लागतं.

घरात पातळ गोधडी असेल तर तिची चौपदरी घडी या फोमवर टाका. यापेक्षा चांगलं अंथरूण विकत मिळत नाही.

पाणवठा: पिसवांसाठी: पिसूची अंडी मांजराच्या अंगावर टिकत नाहीत, गळून अंथरुणात पडतात. म्हणून खोळ आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि गादीखालची जागाही झाडा. नुसती गादी धुऊन भागणार नाही, बोक्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध त्याच वेळी लावा. कुत्र्याचं औषध किंवा परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेला फवारा मांजराला विषारी आहे. डांबरगोळ्या आणि फिनाइलसुद्धा गादीजवळ नकोत. फॅब्रिक कंडिशनर टाळा, तो कापडावर राहतो आणि अंग चाटताना पोटात जातो.

शेवंती: फोम आणते. पण नव्या गादीवर तो बसेल कसा? आणि ठेवू कुठे?

रानवारा: तो आत्ता झोपतो तो खोका हलवू नका. आडवा करून त्यातच फोम बसत असेल तर उत्तमच. लपायला आडोसा मिळाला की मांजर निवांत होतं. खोका लहान असेल तर गादी त्याला चिकटून ठेवा आणि तुमची वापरलेली, न धुतलेली ओढणी वर टाका. उचलून बसवू नका, त्याने मांजर ती जागाच टाळतं. दार दिसेल अशी, भिंतीला लागून जागा निवडा. त्याच्या शी-शूचा ट्रे आणि वॉशिंग मशीन दोन्हींपासून लांब. फरशी ओली राहत असेल तर खाली पाट ठेवा, पण मग पुढे एक पायरी द्या.

सुईदोरा: शिवून झाल्यावर चेन ओढायची पट्टी पक्कडीने काढून टाका. नाहीतर नख अडकून चेन उघडते आणि बोका फोम कुरतडायला लागतो. खोळ बदलताना सेफ्टी पिन अडकवून चेन ओढता येते.