भात कापायला मशीन आणावी का?

खानापूरकडं आमचं २० गुंठे इंद्रायणी हाय, कापायला माणसंच मिळेनात, कापणी-मळणी एकदम करणारी मशीन आणू काय?

उत्तर १: रान वलं असलं तर टायरवाली रुततीय बगा, चेनवालीच सांगा. आणि बांध लहान असले की वळायलाच जागा नसतीय, कोपरे हातानंच कापा आधी.

उत्तर २: पिंजराचं (भाताच्या पेंढ्याचं) काय? मशीन तुकडे करून पसरून टाकतीय, म्हशी काय खाणार! आम्ही रीपर (नुसतं कापणारं यंत्र) लावला, आडवं पाडतो, मळणी नंतर निवांत.

उत्तर ३: मशीनचं भात लगेच पोत्यात भरू नका हं, कापताना २० टक्क्यांच्या वर ओल असतीय, १४ टक्क्यांपर्यंत उतरेस्तोवर वाळवा, आमचं गेल्या साली तापून काळं पडलं की हो.

शेजारचे चौघं मिळून मशीन एकदमच बोलवा, २० गुंठ्याला एकटं कोण येतंय.