विल्किन्सनचं करिअर टॅकलने कापलं का?

आडवापास (धागाकर्ता):
रग्बीतला जॉनी विल्किन्सन म्हटलं की २२ नोव्हेंबर २००३, सिडनी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाची फायनल, शेवटच्या मिनिटातला ड्रॉप गोल (हातातला चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच खांबांमधून मारलेली किक) आणि इंग्लंड २०-१७. पण त्या दिवसानंतर तो इंग्लंडकडून थेट ३ फेब्रुवारी २००७ला उतरला. मधे ११६९ दिवस गेले! मान, दंड, गुडघा, मूत्रपिंड, सगळीकडे दुखापती. माझं स्पष्ट मत: फ्लाय-हाफने (दहा नंबर, किक आणि पासने खेळ चालवणारा) फ्लँकरसारखे (पुढच्या फळीतला धिप्पाड टॅकलर) टॅकल मारले, म्हणजे चेंडूवाल्याला अंगावर घेऊन पाडलं, त्याची ही किंमत. ज्याच्या पायावर संघाचे गुण अवलंबून आहेत, त्याला भिंतीवर का आपटू द्यायचं?

स्क्रमवाला:
साफ असहमत. समोरचा संघ आपला जाडजूड सेंटर (मागच्या फळीत मधे खेळणारा) मुद्दाम दहा नंबरवरच सोडतो. दहा नंबरने अंग चोरलं की फ्लँकरला आत सरकावं लागतं आणि बाहेर विंगला, म्हणजे कडेच्या खेळाडूला, रान मोकळं मिळतं. विल्किन्सन तिथे स्वतः माणूस पाडायचा म्हणून इंग्लंडची बचावफळी रुंद उभी राहू शकायची. शिवाय त्या काळात त्याचं अपेंडिक्सही काढावं लागलं. तेही टॅकलच्या खात्यात मांडणार का?

तिरपाचेंडू:
थोडं विषयांतर, पण तो ड्रॉप गोल नशिबाचा नव्हता. लाइनआउटला (चेंडू कडेबाहेरून दोन रांगांमध्ये फेकतात तेव्हा) इंग्लंडच्या थॉम्पसनने चेंडू थेट रांगेच्या मागे मूडीकडे फेकला. कॅट घुसला, मग स्क्रम-हाफ (ढिगातून चेंडू काढून पास देणारा) डॉसन फटीतून पुढे पळाला, पण पाडला गेला आणि खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली अडकला. पास द्यायला स्क्रम-हाफच नाही! म्हणून कर्णधार जॉन्सनने आणखी एक धडक मारली, डॉसनला उठायला वेळ मिळाला. किकही डाव्या पायाच्या विल्किन्सनने उजव्या पायाने मारली. ड्रॉप किकला चेंडू टोकावर सरळ पडावा लागतो आणि उसळी घ्यायला लागताच पाय बसावा लागतो. टोक जरा कललं की चेंडू बाजूला उडतो, मान लवकर वर केली की खांदे उघडतात आणि दिशा चुकते. त्याच सामन्यात आधीचे ड्रॉप चुकले होते, तरी तो पुन्हा त्याच जागी उभा राहिला.

आडवापास:
अपेंडिक्सचा मुद्दा मान्य, ते टॅकलच्या खात्यात धरत नाही. मानेचं मात्र धरणारच. टॅकलमध्ये डोकं समोरच्याच्या पाठीमागच्या बाजूला हवं. ते पुढे राहिलं तर मान एकीकडे वाकते, खांदा दुसरीकडे दाबला जातो आणि नस ताणली जाते. हात सुन्न पडतो. हे पुन्हापुन्हा झालं की शस्त्रक्रियेची वेळही येऊ शकते.

स्क्रमवाला:
मग दोष टॅकलच्या तंत्राला द्या, टॅकल करण्याला नको. परतल्यावर स्कॉटलंडविरुद्ध पहिल्याच सामन्यात २७ गुण: ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं), ड्रॉप, पेनल्टी, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक), सगळं. पुढे फ्रान्सच्या तूलाँ क्लबकडून २०१३ आणि २०१४ असे लागोपाठ दोन युरोपियन कप, आणि निवृत्ती फ्रेंच लीग जिंकून, पस्तिशीत. अंग चोरायला तो तिथेही शिकला नाही.