अ‍ॅल्युमिनियमचा आरसा सीएमएमवर पास, लेसरसमोर नापास

गोकुळ शिरगाव: आमच्या शेडमध्ये तीन व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीन) आहेत, रोजचं काम पंपाच्या पार्टचं. एका प्रयोगशाळेसाठी 80 मिमी व्यासाचा ऑफ-अ‍ॅक्सिस पॅराबोलिक आरसा (समांतर उजेड एका बाजूला ठिपक्यात गोळा करणारा) करून द्यायचाय. मटेरियल 6061, अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. बॉलनोजने (गोल टोकाच्या कटरने) 0.05 मिमी स्टेपओव्हर (दोन फेऱ्यांमधलं अंतर) ठेवून फिनिश केला, मग हातानं डायमंड पेस्ट मारली. तोंड दिसतंय लख्ख. सीएमएमवर (प्रोब टेकवून मापं घेणाऱ्या मशीनवर) 25 पॉइंट घेतले, सगळे 6 मायक्रॉनच्या आत. पण लेसर सोडला की ठिपक्याऐवजी शेपटीवाला डाग पडतो. पंधरा दिवस याच्याच मागं आहे. चुकतंय कुठं?

शिरोलीकर: भावा, मी 22 वर्षं स्टँडर्ड रूममध्ये (मापं तपासायच्या खोलीत) काढली. 6 मायक्रॉन म्हणजे पंपाला सोनं, पण उजेडाचं माप वेगळं. लाल हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर, आणि आरशावरची चूक परावर्तनात दुप्पट होते. म्हणजे तुझे 6 मायक्रॉन जवळपास 19 तरंगलांबींएवढे झाले. चांगल्या ठिपक्यासाठी पृष्ठभागाची चूक 80 नॅनोमीटरच्या आसपास आणावी लागते.

प्रोबच्या टोकावरच्या रुबीच्या गोळीची त्रिज्या कशी वजा केलीस तेही बघ. ती पृष्ठभागाला लंब दिशेनं वजा व्हायला हवी. नुसती झेडमध्ये (उभ्या दिशेत) केलीस तर 2 मिमी व्यासाच्या रुबीला 10 अंशांच्या उतारावर 15 मायक्रॉनचा फरक पडतो. आणि 25 पॉइंटांच्या मधल्या लाटा कुणी बघितल्या? हातानं पॉलिश करताना कड हमखास खाली बसते.

उद्यमनगर टूलरूम: आरसा लेसरसमोर किंचित तिरका बसला तरी शेपूट येतं, आरसा निर्दोष असला तरी. आधी ते तपासा. क्लॅम्प किती आवळलाय? जास्त आवळला तर आरसा वाकतो.

शिरोलीकर: बरोबर. त्यानंतर नाइफ-एज टेस्ट लाव, फुकोनं 1858 मध्ये काढलेली. फोकसवर बारीक छिद्रातून उजेड सोड, आरशासमोर चांगला सपाट आरसा धर आणि परतीच्या ठिपक्यात दाढीचं ब्लेड सरकव. सावलीत खड्डे-उंचवटे डोळ्यांना दिसतात. सीएमएमवर एकट्यावर विसंबू नकोस. हबल अंतराळ दुर्बिणीचा 2.4 मीटरचा आरसा ज्या चाचणी-उपकरणावर तपासला, त्यातलं अंतर 1.3 मिमीनं चुकलं होतं. दुसऱ्या उपकरणांनी चूक दाखवली होती, पण विश्वास त्या एकावरच ठेवला गेला. कड 2.2 मायक्रॉन जास्त सपाट राहिली.

शेवटचा कट मात्र व्हीएमसीचं काम नाही. रफिंग आणि स्ट्रेस रिलीव्हिंग (धातूतला ताण काढणं) तू कर, फिनिश डायमंड टर्निंगवाल्याकडे दे. एकस्फटिकी हिऱ्याचं टूल अ‍ॅल्युमिनियमवर नॅनोमीटरचं तोंड काढतं. स्टील त्याला चालत नाही, कार्बन लोखंडात शिरतो आणि धार जाते.

गोकुळ शिरगाव: काका, तिन्ही बोल्ट ढिले केले, शेपूट निम्मं झालं! प्रोबची त्रिज्याही झेडमध्येच वजा होत होती. सपाट आरसा मागवलाय. आला की रात्री शटर ओढून ब्लेड लावतो, सावलीचा फोटो इथंच टाकतो.