लॅब्रॅडॉरची खाज वर्षभर जात नाही. कारण शोधायचे कसे?

सुदामानगरकर (इंदूर)

आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. मागच्या पावसाळ्यापासून तो शेपटीच्या बुडाशी सारखा चावत असतो, तिथले केस गेले आहेत, पंजे चाटून तांबडे झाले आहेत आणि कानांना आंबूस वास येतो. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिले की पंधरा दिवस आराम पडतो आणि मग पुन्हा तेच सुरू होते. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली, घरातले नायट्याचे मलम लावले, चिकन बंद केले. अंगावर पिसू एकही दिसत नाही. आता कोणी रक्तावरून ॲलर्जीची तपासणी सुचवतात, पण ती महाग आहे. हा दोष आहाराचा, हवेचा की आणखी कशाचा, हे ओळखण्याची काही रीत आहे का?

निवृत्त पशुवैद्य (रामबाग)

रीत आहे, आणि सुरुवात तरी खर्चिक नाही. फक्त क्रम मोडू नये. आधी परजीवी, मग जंतू आणि बुरशी, त्यानंतर आहार, आणि हे सर्व बाजूला सारता आले तरच वातावरणातील ॲलर्जीचा विचार.

खाज अंगावर कुठे आहे, यावरून पुष्कळ कळते. शेपटीच्या बुडाशी आणि मांड्यांच्या मागे असेल तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. ज्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे अशा कुत्र्याला थोडे दंशही पुरतात आणि तो स्वतःला चाटून-चावून त्या पिसवा गिळूनही टाकतो. म्हणून न दिसणे हा पुरावा नव्हे. बारीक दातांच्या फणीने पाठ विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. कानांच्या कडा आणि पुढच्या पायांची कोपरे यांवर खाज असेल, आणि घरातील माणसांनाही खाज सुटली असेल, तर खरजेचा विचार करावा. तिचे किडे त्वचा खरवडूनही अनेकदा सापडत नाहीत, म्हणून संशय पक्का असल्यास थेट उपचार करतात.

मलमाबद्दल स्पष्टच लिहितो. माणसांच्या नायट्याच्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने नायटा बरा न होता दबतो, आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो. पंधरा दिवस आराम देणारे इंजेक्शनही बहुधा स्टेरॉइडचेच असावे, तेव्हा त्याचे नाव विचारून घ्या. खाज थांबवणे गैर नाही, परंतु डेमोडेक्ससारखा किडा अंगात असेल तर स्टेरॉइडने तो बळावतो.

आहाराच्या ॲलर्जीसाठी रक्ताची तपासणी भरवशाची नाही. पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्रथिन किंवा खास वैद्यकीय आहार किमान आठ आठवडे द्यावा, आणि सुधारणा झाल्यास जुने अन्न पुन्हा देऊन खाज परतते का ते पाहावे. नुसते चिकन थांबवून दूध-पोळी चालू ठेवली तर काहीच सिद्ध होत नाही. (आजोबांनी टेबलाखालून दिलेला बिस्किटाचा तुकडाही मोजायचा असतो, आणि नेमका तोच कोणी सांगत नाही.)

लोकमान्यनगर

आमच्या कुत्रीला खाज मुळीच नव्हती, पण दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आणि वजन वाढले. निदान थायरॉइडच्या कमतरतेचे निघाले. स्टेरॉइड चालू असताना ही तपासणी केल्यास आकडा खोटा कमी येऊ शकतो, हे आम्हाला नंतर समजले.

सुदामानगरकर

कागद तांबूस झाला! महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवले. कानातील आणि पंजांवरील नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात यीस्ट (एक प्रकारची बुरशी) भरपूर निघाले. आता दोन्हींवर एकदम उपचार करावेत का? घरात एक मांजरही आहे.

निवृत्त पशुवैद्य (रामबाग)

दोन्हींवर एकदमच करा. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोष बहुतांश अंगावर नसून गाद्या, सतरंज्या आणि फरशीच्या सांध्यांत असतात, आणि कोषातली पिसू कित्येक आठवडे टिकते. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुवा, कोपरे रोज झाडा आणि औषध निदान तीन महिने खंड न पाडता द्या. क्लोरहेक्सिडीन व मायकोनॅझोलचा शॅम्पू दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा. लगेच धुतल्यास फायदा होत नाही. कानात घरचे तेल घालू नये. पडदा शाबूत आहे का ते पाहूनच डॉक्टर थेंब देतील. दोन्ही उपचार पुरे होऊनही पंजे चाटणे तसेच राहिले, तर आठ आठवड्यांचा आहार सुरू करा.

मांजरावरही पिसवांचे औषध हवे, पण ते मांजराचेच. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि मांजराला ते जिवावर बेतते. तेव्हा वेष्टनावरचा घटक वाचल्याशिवाय कुत्र्याची बाटली मांजराजवळ नेऊ नका, आणि कुत्र्याला असे औषध लावले असेल तर ते वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.