गर्दीच्या काठावर फ्लाय टाकायची तर मागे किती जागा लागते?

डोहकाठ

नमस्कार मंडळी. आमिष लावून गळ टाकण्यात बरीच वर्षं गेली, यंदा फ्लाय शिकायला घेतली आहे, म्हणजे पिसं-दोरे गुंडाळून किड्यासारखा केलेला हलका गळ लाइनच्या वजनावर फेकायचा. ९ फुटी रॉड, ५ नंबरची तरंगती लाइन. रिकाम्या काठावर हात बऱ्यापैकी बसलाय. अडचण येते ती सुट्टीच्या दिवशी. काठावर माणसाला लागून माणूस, पाठीमागे पायवाट, तिच्यावरून पोरं आणि कुत्री धावत असतात.

परवा मी रॉडचे तुकडे जोडत होतो. लाइन अजून कड्यांतून ओवलीही नव्हती, तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी आपली घडीची खुर्ची मिटली आणि डबे गोळा करायला घेतले. म्हटलं, "बसा की, का उठताय?" तर म्हणाले, "तुम्ही आता चाबूक फिरवणार. आम्हाला डोळे जपायला हवेत." मी रॉड परत पिशवीत घातला.

मला त्यांना उठवायचं नाही आणि फ्लायही सोडायची नाही. तर अशा ठिकाणी नेमकी किती जागा मोकळी असावी? आधी येऊन बसलेल्याचा हक्क कुठपर्यंत धरायचा? आणि मागून कोणी आलं तर काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

खळाळ

डोहकाठ, कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, शिकायला येणारे बहुतेक जण फ्लाय किती लांब जाईल एवढंच विचारतात. तुम्ही मागचा विचार केलात, म्हणून जरा बैजवार लिहिते.

आधी हिशेब. तुम्हाला १५ मीटरवर फ्लाय टाकायची आहे. रॉड २.७ मीटर, लीडर (लाइन आणि फ्लायमधला बारीक दोरा) साधारण तेवढाच, उरलेली लाइन. डोक्यावरून टाकायच्या कास्टमध्ये हे सगळं आधी मागे जाऊन सरळ होतं, मगच पुढे येतं. म्हणजे पुढे १५ आणि मागे जवळपास १५, अशी ३० मीटरची पट्टी तुम्ही वापरताय. बाजूच्या माणसाचं काय? तुम्ही दिशा बदललीत की ती पट्टी तुमच्याभोवती फिरते. त्यामुळे माझा नियम असा, की रॉड, बाहेरची लाइन आणि लीडर मिळून जेवढं अंतर होतं, तेवढ्यात चारी बाजूंना कोणी नको. असेल, तर तो कास्ट त्या जागेचा नाही.

आजोबा का उठले तेही समजून घ्या. साध्या गळाला एकच झेप. सुटला की पाण्यात पडला, धोका संपला. फ्लायचा गळ हवेत मागे-पुढे फिरतच राहतो आणि नवशिका तर पाच-सहा वेळा उगाच फिरवतो. शेजारी बसलेल्याला तो कधी पाण्यावर टेकणार याचा अंदाज येत नाही. त्याची भीती रास्त आहे. हवेतल्या फेऱ्या कमी करणं हे गर्दीतलं पहिलं काम. एक बॅककास्ट, म्हणजे मागची एकच फेक, पुढे येताना हातातली सैल लाइन सोडून द्यायची आणि फ्लाय पाण्यावर.

पण खरं उत्तर रोल कास्ट. तो आधी शिका, डोक्यावरचा नंतर शिकलात तरी चालेल, असं मी सगळ्यांना सांगते. लाइन पाण्यावरच असू द्या. रॉडचं टोक सावकाश मागे आणा, लाइन पाण्यावरून सरकत तुमच्याकडे येईल. टोक कानाच्या थोडं मागे गेलं की थांबा. खरोखर थांबा. इथेच सगळे घाई करतात. लाइन खांद्यामागे पोट काढून लोंबली पाहिजे, आणि तिचा पुढचा भाग तुमच्या बाजूला, किंचित पुढे, पाण्याला चिकटून राहिला पाहिजे. ती पकड आहे म्हणून तर रॉड वाकतो. आता पुढे जोर वाढवत न्या आणि टोक उंच असतानाच झटक्यात अडवा. वेटोळं पाण्यावरून उलगडत जातं. मागे लागते ती जेमतेम एका रॉडएवढी जागा. १०-१२ मीटर सहज मिळतात, आणि शांत काठावर मासे बऱ्याचदा त्याच्याही अलीकडे चरत असतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्पे कास्ट. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवरून हे नाव आलं. मागे झाडी नाहीतर उंच दरड, बॅककास्टला वावच नाही, अशा काठांवर ही पद्धत घडली. तुमच्यापाठी दरडीऐवजी माणसं आहेत, एवढाच फरक. यात एक गोष्ट कधीही मोडू नका. लाइनची पाण्यावरची पकड नेहमी वारा जिकडे जातो त्या बाजूला हवी. वारा प्रवाहाच्या वरच्या अंगाला वाहत असेल तर सिंगल स्पे, खालच्या अंगाला वाहत असेल तर डबल स्पे किंवा स्नेक रोल, हे तिन्ही स्पेचेच प्रकार. उलट केलंत तर फ्लाय तुमच्याच मानेवर येते.

वाऱ्याचं साध्या कास्टलाही लागू आहे. उजव्या हाताने टाकताय आणि वारा उजवीकडून आला, की प्रत्येक फेरीत लाइन तुमच्या डोक्याकडे ढकलली जाते. अशा वेळी रॉडचं टोक डाव्या खांद्यावर झुकवून टाका, नाहीतर पाण्याकडे पाठ करून उभे राहा आणि बॅककास्टनेच फ्लाय पाण्यावर ठेवा. वारा फार झाला तर गर्दीत थांबू नका.

टंगस्टन मण्याच्या फ्लाय सुट्टीच्या दिवशी डब्यातच असू द्या. टंगस्टनची घनता घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम, शिशाची ११.३. एवढासा मणी, पण मागे गेल्यावर लाइनच्या खाली उतरतो आणि पुढे येताना कानाच्या उंचीवरून येतो.

आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, घरूनच. दाबला की गळ सुती कापडातून ओढून बघा. धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे, पुन्हा दाबा. माशालाही सोडवणं सोपं जातं. शेजाऱ्याला सांगताही येतं, "माझ्या गळाला काटा नाही, हे बघा." हे दाखवल्यावर माणसाचा चेहरा बदलतो, मी पाहिलंय.

उलटी_धार

सगळं पटलं, पण एक सांगतो. मी पहाटे येऊन मोकळी जागा धरली, मागे कोणी नाही हे बघितलं, आणि दहा वाजता एखादं कुटुंब येऊन बरोबर माझ्या बॅककास्टमध्ये चादर अंथरतं. मग माझी जागा आधीची ना? दर वेळी फ्लायवाल्यानेच का माघार घ्यायची?

खळाळ

पाणी आधी तुम्ही धरलंत, ते तुमचं. त्यांनी तुमच्यासमोरच्या पाण्यात गळ टाकला तर तो शिष्टाचाराचा भंग आहे, आणि तसं नीट शब्दांत सांगायला हरकत नाही. पण पाठीमागची हवा तुम्ही धरून ठेवू शकत नाही. त्यांना ती दिसतही नाही. फ्लाय टाकताना कधी न पाहिलेल्या माणसाला तुम्ही पाण्याकडे तोंड करून उभे आहात एवढंच कळतं. आपला गळ मागे १५ मीटरपर्यंत जातो हे काठावर फक्त तुम्हाला माहीत आहे, म्हणून जबाबदारीही तुमचीच.

मी काय करते ते सांगते. लाइन पाण्यावर पडू देते, रॉड काखेत घेते, वळून त्यांच्याकडे जाते. लांबून ओरडत नाही. "माझा गळ मागे या झुडपापर्यंत येतो, तुम्ही त्याच्या पलीकडे बसलात तर मला काळजी नाही." बहुतेक लोक लगेच उठतात, कारण झुडूप दाखवल्यावर त्यांना अंतर कळतं. नाहीच उठले तर मी रोल कास्टवर येते. तेही जमणार नसेल तर जागा सोडते. यात माघार कसली? लहान मूल डोळा चोळत रडतंय, हे मला कोणत्याही माशासाठी बघायचं नाही.

गळ_आणि_गांडूळ

मी फ्लायवाला नाही, त्या आजोबांच्या जातकुळीतला आहे. त्यामुळे पलीकडची बाजू.

आम्हाला त्रास दोन गोष्टींचा होतो. एक, न विचारता शेजारी उभं राहणं. नुसतं "इथे उभा राहू का? तुमचे गळ कुठवर आहेत?" एवढं विचारलं तरी निम्मी भीती जाते. माझे दोन गळ तिरके पडलेले असतात. ते वरून कोणाला दिसत नाहीत, पण मला हाताने दाखवता येतात. दुसरं, तुमची तरंगती लाइन प्रवाहाबरोबर वाहत आमच्या लाइनवर येते. आमचा गळ तासभर एका जागी असतो, तुमचा सारखा हलतो. म्हणून तुम्ही आमच्या खालच्या अंगाला उभे राहिलात तर गुंता होत नाही.

आमच्याकडूनही चुका होतात, हे मान्य. फ्लायवाल्याच्या मागून जाताना आमचे लोक बोलत नाहीत, तसेच वाकून पळतात. "मागून जातोय" असं मोठ्याने म्हणावं, त्याची लाइन पाण्यावर टेकली की मग जावं. आणि शेजाऱ्याला मोठा मासा लागला तर आपले गळ गुंडाळून घ्यावेत. हे कोणत्याही पद्धतीने मासे धरणाऱ्याला लागू.

खळाळ

गळ_आणि_गांडूळ, मनापासून आभार. एक भर घालते, वाहत्या पाण्यासाठी. मासा तोंड प्रवाहाकडे करून असतो. म्हणून कोरडी, तरंगती फ्लाय टाकणारा माणूस सहसा खालून वर सरकत जातो, माशाच्या मागून. ओली, पाण्याखाली जाणारी फ्लाय प्रवाहात झुलवणारा वरून खाली जातो. नव्याने येणाऱ्याने तो माणूस जिकडे निघालाय तिकडे पुढ्यात उतरायचं नाही, त्याच्या पाठीमागे लागायचं. कुठल्या दिशेने चाललाय ते कळत नसेल तर विचारायचं. सॅमन माशाच्या डोहांवर तर रांगच असते. वरून आत शिरायचं, एक कास्ट, एक-दोन पावलं खाली, पुन्हा कास्ट. कोणी एका जागी खुंटा ठोकून उभा राहिला की मागची सगळी रांग अडते.

काठावर कोणी नुसतं बसून पाण्याकडे बघत असेल, तर जागा रिकामी आहे असं धरू नका. पुष्कळदा तो पाण्याला विसावा देत असतो, मासे पुन्हा वर यायची वाट बघत. आणि पाण्यात उतरताना खालच्या माणसाकडे लक्ष असू द्या, तुमच्या पायांनी उठलेला गाळ त्याच्याकडेच जाणार आहे.

पांढरा_डबा

मी परिचारिका आहे, नवऱ्यामुळे काठावर असते. गळ रुतल्यावर काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

डोळ्यात किंवा पापणीत रुतला तर कोणीही काढायचा नाही. डोळ्यावर दाब न देता कागदी पेल्यासारखं काहीतरी वरून झाकण म्हणून धरायचं, लाइन कापायची आणि थेट रुग्णालय. मानेत, सांध्याजवळ किंवा खोल गेला असेल तरी डॉक्टरकडेच.

हातावर, दंडावर, पाठीवर वरवर रुतलेला, दाबलेल्या काट्याचा गळ बहुधा आल्या वाटेने निघतो. काटा असेल तर दोऱ्याची युक्ती आहे. गळाच्या वाकाला जाड, मजबूत दोरा अडकवायचा. दुसऱ्या हाताच्या बोटाने गळाची दांडी त्वचेकडे दाबून धरायची, त्याने काट्याची पकड सुटते. मग दोरा त्वचेला समांतर, दांडीच्या दिशेने, एका झटक्यात ओढायचा. गळ उडून येतो, म्हणून समोर कोणी नको आणि ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा. हळूहळू ओढलंत तर फक्त वेदना वाढतात. नंतर जखम साबणपाण्याने धुवायची आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते बघायचं.

चष्मा मात्र सगळ्यांनी घाला, शेजारी बसणाऱ्यांनीही. पॉलीकार्बोनेट प्लास्टिकचा चांगला, सहज फुटत नाही. संध्याकाळी काळा चष्मा काढावा लागतो, तेव्हा साधा पारदर्शक लावा. फ्लाय दिसेनाशी होते ती नेमकी त्याच वेळी.

डोहकाठ

सर्वांचे आभार. पुढच्या सुट्टीला जाण्याआधी रोल कास्टचा सराव करतो. मैदानावर केला तर चालेल का? गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून?

खळाळ

लोकर चांगली, डोळ्यात भरेल असा भडक रंग घ्या, म्हणजे दिसत राहते. डोक्यावरून टाकायचा सराव गवतावर उत्तम होतो, दर वेळी मान वळवून मागे बघायची सवयही तिथेच लावा. रोल कास्टला मात्र पाणी हवं, गवत लाइनला तशी पकड देत नाही. आठवड्यातल्या एखाद्या रिकाम्या सकाळी काठावर जा.

आणि मैदान असो की काठ, रॉड जोडायच्या आधी वर बघा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली जोडायचा नाही, तिथून उभा धरून चालायचं नाही, आणि ढग गडगडायला लागले की खाली ठेवून लांब व्हायचं. आजोबा पुन्हा भेटले तर त्यांना तो लोकरीचा तुकडा लावूनच एकदा रोल कास्ट दाखवा, आणि मग विचारा की शेजारी उभा राहू का.

गळ_आणि_गांडूळ

मी त्या आजोबांच्या जागी असतो तर हो म्हटलं असतं. फक्त माझ्या खालच्या अंगाला उभे राहा.