डिस्नेत जेवायचं कुठे? ‘डबा न्या’वाल्यांना माझं उत्तर

अंत्रूजकर
काल इथे एका सभासदाने ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाणाऱ्या गोंयकारांसाठी सल्ला टाकला. थोडक्यात असा: पार्कातल्या हॉटेलांत पैसे उडवू नका, सकाळी डबा भरा, पोरांना दुपारी फ्रेंच फ्राइज द्या, रात्री बाहेरचं भारतीय हॉटेल गाठा. बसून जेवायचंच असेल तर जिथे दारू मिळते ते फॅमिली हॉटेल नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी अंगठे दिले त्यांच्यापैकी कितीजण आई-बाबा, सासू आणि दोन पोरं असं लटांबर घेऊन तिथे गेलेत? तिथला मे आपल्या मेसारखाच घामट, आणि जूनपासून दुपारी ढग गडगडायला लागतात. अशा हवेत दुपारी एक वाजता डबा उघडायला सावलीतली जागा शोधत फिरायचं? आमच्या सासूबाईंना साखरेचा त्रास आहे. ‘आणखी एकच राइड’ असं करत आम्ही जेवण लांबवलं आणि त्या बाकावर घामाघूम होऊन बसल्या. पोरंही रडकुंडीला आली. त्या दिवसापासून आमच्या घरात ठरलं, की दुपारचं जेवण आधी आणि राइड नंतर.

माझ्या मते फॅमिली हॉटेल म्हणजे जिथे घरातलं सर्वांत म्हातारं आणि सर्वांत लहान माणूस एकाच वेळी, एसीत, तासभर टेकू शकतं. मेनू कुठला ते मागाहून. गर्दी उसळायच्या आधी साडेअकराला बसा. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, तिथल्या पहाटे सहाच्या सुमारास. मे महिन्यात जाणार असाल तर तुमचं बुकिंग मार्चमध्ये येतं, आणि मार्चच्या मध्यानंतर तिथले सहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. भात खाऊन वामकुक्षी आटोपली की फोन घेऊन बसायचं, इतकं सोपं.

कॅरेक्टर बुफे म्हणजे नासाडी, असंही काहींनी लिहिलंय. अ‍ॅनिमल किंगडम या पार्कातल्या टस्कर हाउस हॉटेलात मिकी, डोनाल्ड, डेझी, गूफी तुमच्या टेबलापाशी येतात. तेच फोटो बाहेर रांगेत उभं राहून काढायचे तर निम्मा दिवस जातो. बुफे असल्यामुळे पोरांना ताटकळत बसावं लागत नाही. तीन वर्षांखालचं मूल आईबापाच्या ताटात फुकट खातं, तीन ते नऊला लहान मुलांचा दर. दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा, तेव्हा ज्यांची पोरं नऊची आहेत त्यांनी घाई करा.

डिचोलीकर
तो सभासद मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

तुमच्या लटांबराचं वाचून वाईट वाटलं, पण त्यात डब्याचा दोष काय? डबा पिशवीत असता तर सासूबाईंना तिथल्या तिथे दोन घास देता आले असते. डिस्नेत बाहेरचं खाणं चालतं, फक्त काचेच्या बाटल्या-बरण्या नकोत, त्यातही बाळाच्या खाण्याला सूट. जिथे कोल्ड्रिंकचं मशीन आहे अशा काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मागता येतं. आपल्याकडच्या कुठल्याशा वॉटर पार्कात शिरताना पिशवीतलं बिस्किट काढून घेतात, तिथे घेत नाहीत. मग सोय असून वापरायची का नाही?

आता हिशेब करा. मोठ्या माणसाचं कॅरेक्टर बुफे पन्नास डॉलरच्या वर. म्हणजे माणशी चार हजारांच्या पुढे, आणि त्यावर कर वेगळा. सहा किंवा जास्त माणसं असली की 18 टक्के टिप बिलातच धरतात. एवढं देऊन खायचं काय, तर पिवळ्या मॅकरोनी.

दारूचं मी बोललो ते बोललो. मॅजिक किंगडम हे पार्क 1971 ला उघडलं आणि 2012 पर्यंत तिथे दारूचा थेंब मिळत नव्हता. चाळीस वर्षं लोक उपाशी मेले का? मग तिथे बी अवर गेस्ट नावाचं हॉटेल काढलं, तिथे वाइन-बिअर आली, आणि आता टेबलावर वाढणाऱ्या प्रत्येक हॉटेलात आहे. ही प्रगती मला दिसत नाही.

शीतकडी
माझा प्रश्न साधा आहे. मासळीचं काय? आमचे बाबा दोन दिवस शाकाहारी राहिले की घरात कोणाशी बोलत नाहीत.

अंत्रूजकर
@शीतकडी मॅजिक किंगडममध्ये कोलंबिया हार्बर हाउस बघा. तळलेला मासा, कोळंबी मिळते. आधी बुक करायला नको, मोबाइलवरून ऑर्डर टाकायची. मिरची-त्रिफळाची अपेक्षा ठेवू नका. बाबांच्या खिशात घरच्या मसाल्याची पुडी द्या, वरून भुरभुरवतील.

सत्तरीची_सून
मासळी झाली, आता आमचा सोमवार सांगते. तिथे नुसतं बर्गर म्हटलं की गायीचं. घेवड्याच्या उसळीसारखं काही दिसलं म्हणून सासऱ्यांनी उचललं, त्यात डुकराचे तुकडे निघाले. त्यानंतर दोन दिवस माणूस केळ्यांवर. डिस्नेच्या मेनूवर काही पदार्थांपुढे पानाची खूण असते. त्यात मांस, अंडं, दूध, मध काही नसतं. सोमवारवाल्यांनी पान बघून ऑर्डर द्यावी, आणि तरीही विचारावं. बसून जेवायच्या हॉटेलात पथ्य आधी सांगितलं तर स्वयंपाकघरातलं कोणीतरी येऊन समजावतं. हा मुद्दा अंत्रूजकरांच्या बाजूचा आहे, लिहून ठेवा.

पण डिचोलीकर भाऊ, दारूवाली जागा फॅमिलीची नाही हे तुम्ही गोव्यात बसून लिहिताय? आमच्या वाळपईपासून काणकोणापर्यंत पाटी वाचत जा. अर्ध्या पाट्यांवर ‘फॅमिली बार अँड रेस्टॉरंट’. माझ्या नणंदेचा साखरपुडासुद्धा अशाच ठिकाणी झाला, वर एसी हॉलमध्ये.

डिचोलीकर
ताई, पाटीवर काहीही लिहितात. मागच्या महिन्यात किनाऱ्याकडच्या अशाच एका ‘फॅमिली’वाल्याकडे मुलीला घेऊन गेलो. शेजारच्या टेबलावर भरदुपारी ग्लास फुटला, शिव्या सुरू झाल्या, आणि वेटर म्हणतो, साहेब, तुम्ही आत बसा. आम्ही का आत बसायचं?

काजूबोंड
डिचोलीकर, आता मी बोलतो. माझ्या वडिलांचा बार आहे. गावातला. त्याच बारच्या शेवटच्या टेबलावर मी गृहपाठ केला, दहावीचा अभ्यास केला, तिथल्याच कालवणाचा वास घेत मोठा झालो. संध्याकाळी कामावरून येणारे काका एक पेग घेऊन, चार गप्पा मारून घरी जायचे. जाताना माझी गणितं तपासायचे. कोणी शिवी दिली तर वडील त्याला दाराबाहेर काढत. तुमच्या त्या हॉटेलात मालक चुकार होता, त्याचं पाप सगळ्या गोव्याच्या माथी कशाला? 21 च्या खालच्याला दारू द्यायची नाही हा कायदा आपल्याकडेही आहे आणि फ्लोरिडातही. बिअरचा नळ दिसला म्हणून पोरं बिघडत नाहीत.

डिचोलीकर
तुमच्या वडिलांबद्दल मी काही म्हटलं नाही. पण बार म्हणजे गणितं तपासणारे काका, हे चित्र सगळ्यांच्या घरी नव्हतं. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. आमच्या काकांचे ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते चालू. कोपऱ्यावर बार होता, तोही फॅमिलीच. काकीने ट्रक विकले तेव्हा काका शुद्धीवर नव्हते. तेव्हा मला नळ दाखवू नका.

काजूबोंड
वाईट झालं. मनापासून. पण खाणी बंद पडल्या त्या बारमुळे नव्हे. राग चुकीच्या पत्त्यावर पाठवताय.

डिचोलीकर
राग कुठे पाठवायचा ते मी ठरवीन. तुम्ही गल्ला सांभाळा.

काजूबोंड
गल्ला सांभाळूनच शिकलोय. निदान डब्यात भरून नेलेली शिळी नीती तरी कोणाला वाढत नाही.

मडगावकार
शांत व्हा रे दोघे. डिस्नेचा धागा आहे, आणि बंदोबस्ताला पोलीस बोलवायची वेळ आली.

आता माझंही दुखणं. डिस्नेच्या त्या एपकॉट पार्कात तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, मोरोक्को, सगळे. प्रत्येकाचं स्वतःचं हॉटेल. भारत नाही! एवढी माणसं आपली तिथे जातात आणि भारताचं दालन नाही. माझा मुलगा म्हणतो, पप्पा, पोर्तुगालही नाही. म्हणजे गोंयकाराला दोन्हीकडून वगळलं. मग जपानच्या दालनात भात खाल्ला. चिकट होता, पण भात तो भात. अंत्रूजकर, तुमच्या त्या साडेअकराच्या नियमाला एपकॉटमध्ये जपून. देशांची बाजू सकाळी दार उघडल्या उघडल्या सुरू होत नाही, अकराच्या सुमाराला होते. आधी पुढची बाजू बघा, मग चालत या.

शीतकडी
बाबांना जपानचं सांगितलं. कच्चा मासा म्हटल्यावर त्यांनी आपल्याच घरात मला पाहुण्यासारखं बघितलं.

सत्तरीची_सून
भांडण मिटलं नसेल तर थोडं तेल मी ओतते. बार असो नसो, आपल्याकडे कुठल्या हॉटेलात लहान मुलासाठी उंच खुर्ची मिळते सांगा. बाळाचं लंगोट बदलायला जागा? मांडीवर घेऊन जेवायचं आणि दुसऱ्या हाताने मासळीचे काटे काढायचे. डिस्नेत पार्कापार्कात बाळांसाठी वेगळी जागा आहे, दूध पाजायला, कपडे बदलायला. दारू कुठे मिळते ते पुरुष बघत बसलेत, आम्हाला विचारा फॅमिली हॉटेल कसं असतं ते.

मडगावकार
+1. इथे सगळे गप्प बसतील बघा.

अंत्रूजकर
गप्प नाही बसत. ताईंचं म्हणणं पहिल्या ओळीत घालायला हवं होतं, माझ्या एसीच्याही वर.

आता डिचोलीकरांच्या डब्याकडे. ठीक आहे, डबा पूर्ण टाकाऊ नाही. चिवडा, चकली, रव्याचे लाडू पिशवीत हवेतच, रांगेत पोरांचं तोंड बंद ठेवायला याहून चांगलं काही नाही. एवढं मान्य करून मी तुमच्यावर उपकार करतोय असं समजा. पण त्याला जेवण म्हणू नका. आणि मे महिन्यात निघालात तर मानकुराद आंबे सामानात भरू नका. ताजी फळं तिथल्या विमानतळावर काढून घेतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी सोडलेली पेटी आठवली की अजून पोटात कालवतं.

आणि रात्री बाहेरच्या भारतीय हॉटेलाचं. इंटरनॅशनल ड्राइव्हकडे भारतीय हॉटेलं आहेत, खरं आहे. पण दिवसभर उन्हात चालून झाल्यावर, पेंगणारी पोरं गाडीत कोंबून, रहदारीतून बटर चिकन खायला कोण जाणार? आपल्या हुमणाशी, म्हणजे माशाच्या कालवणाशी, त्याचा संबंध तरी काय? त्यापेक्षा अ‍ॅनिमल किंगडम लॉज या राहायच्या हॉटेलाच्या किदानी व्हिलेज भागातलं सना हे जेवणाचं हॉटेल बघा. पार्कच्या बाहेर आहे, म्हणून तिकिटाशिवाय जाता येतं. नान आणि रोट्यांचं ताट, सोबत चटण्या-लोणची. खिडकीतून समोर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, म्हणून उजेड असेपर्यंतच जा. सासूबाई तिथे दोन तास बसल्या. पोरांनी एकदाही फोन मागितला नाही.

मिकीच हवा असेल आणि पार्कचं तिकीट त्या दिवशी नसेल तर कंटेम्पररी या राहायच्या हॉटेलातलं शेफ मिकीज. त्या इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते, धाकट्याला मिकीपेक्षा तीच जास्त आवडली. तिथून मॅजिक किंगडम चालत जाण्याच्या अंतरावर.

काजूबोंड
अंत्रूजकर, एवढं सगळं लिहिलंत आणि पैशाचा मुद्दा अलगद टाळलात. त्या बाबतीत डिचोलीकर बरोबर आहेत, हे मला कबूल करावं लागतंय म्हणून जास्त चीड येते. रोज बसून जेवलं तर आमच्यासारख्याचं विमानभाडं निघेल त्यात.

अंत्रूजकर
रोज कोण म्हणतंय? दिवसाआड एक मोठं जेवण, बाकीच्या दिवशी काउंटरवर घ्या. दोघांत एक घेतलं तरी पुरतं, तिथली पानं मोठी भरतात. पण म्हातारी माणसं असतील तर काउंटरवरही आधी टेबल पकडायला एकाला बसवा.

डिचोलीकर
काजूबोंड, आभार मानणार नाही.

अंत्रूजकर, ते जिराफवाल्या हॉटेलाचं बुकिंग. साडेतीन म्हणालात ते आपले की तिथले? बायको विचारतेय, मी नाही.

अंत्रूजकर
आपले. क्रेडिट कार्ड हाताशी ठेवायला सांगा, न सांगता गेला नाहीत तर माणशी दंड कापतात. आणि वहिनींना आधीच कल्पना द्या, तिथे बारही आहे. खिडकीजवळचं टेबल मागा, बारकडे पाठ करून बसता येतं.