०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ काहून येत नाही?

दारव्ह्याचा पोरगा: बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. घरच्या कापूस वेचणीचा हिशोब पायथनमध्ये करून राहिलो. बाजारात भाव क्विंटलचा असतो, म्हणून वजनही क्विंटलमध्येच टाकलं. काल आईनं १० किलो वेचला, काकूनं २०. म्हणजे ०.१ आणि ०.२. काट्यावर ३० किलो भरला. बेरीज ०.३ आहे का ते इफ लावून तपासलं, तर ‘फॉल्स’, म्हणजे नाही. छापून पाहिलं तर ०.३०००००००००००००००४! चार ओळींचा प्रोग्राम, चूक सापडून नाही राहिली. राउंड लावून आकडा जवळच्या दशांशावर आणू का?

वणीकर: लाव ना भाऊ. नाहीतर मॅथ मॉड्यूलमधलं इजक्लोज वापर, दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत का ते सांगते, पायथन ३.५ पासून आहे.

शिकवणाऱ्या बाई: राउंड लावशीलच, पण आधी कारण समजून घे बेटा. पहिल्या वर्षाला हे जो नीट पाहतो, त्याला पुढं जड जात नाही.

तुझ्या आजीला विचार: शेर, अर्धा शेर, पावशेर, नवटाक, छटाक. दर माप आधीच्याच्या निम्मं. कॉम्प्युटरकडे अपूर्णांकासाठी अशीच मापं आहेत, फक्त छटाकाच्या खालीही निम्मं-निम्मं होत जातात. अर्धा, पाव, पाऊण त्याला तंतोतंत जमतात. आता या मापांनी ०.१ भरून बघ. १/१६ म्हणजे ०.०६२५ घातलं. त्यात १/३२ घातलं, ०.०९३७५ झालं. १/६४ जास्त होतं, १/१२८ पण जास्त. १/२५६ बसतं, १/५१२ बसतं, मग परत दोन सोडायची, दोन घ्यायची. हे कधीच संपत नाही. वहीवर करच, पाच मिनिटं लागतात.

घेतलेल्या मापाला १, सोडलेल्याला ० लिहायचं; असा एक-एक ० किंवा १ म्हणजे बिट. पायथन ५३ बिटांवर थांबतो आणि जवळच्या आकड्याला आणतो. त्यामुळे त्याचे ०.१ आणि ०.२ खऱ्यापेक्षा किंचित जास्त, आणि ०.३ किंचित कमी. मग दोन्ही बाजू जुळतील कशा? तुझा प्रोग्राम बरोबर आहे. अपूर्णांक कसे साठवायचे हे ठरवणाऱ्या १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानुसार सी, जावा, सगळीकडे हेच दिसेल.

याला बारीकसारीक समजू नको. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेची पॅट्रियट ही क्षेपणास्त्रं अडवणारी यंत्रणा सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायची, आणि तो ०.१ तिथं २४ बिटांत कापलेला होता. सलग १०० तास चालल्यावर वेळ ०.३४ सेकंदानं चुकली. सौदी अरेबियातल्या धहरानला येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही, २८ सैनिक गेले.

इजक्लोज प्रयोगशाळेतल्या मोजमापाला ठीक. मजुरीच्या, पट्टीच्या हिशोबाला मी ते वापरू देत नाही. तिथं लहान एकक घे आणि पूर्णांकात मोज: वजन किलोत, पैसे पैशांत. क्विंटल फक्त छापताना कर.

दारव्ह्याचा पोरगा: मॅडम, किलोत केलं, जुळलं! वहीवर पण करून पाहिलं, ००११ ००११ येतच राहते. पण एखादीचा साडेबारा किलो भरला तर?

शिकवणाऱ्या बाई: मग सगळंच ग्रॅममध्ये घे, १२५००. तसा १२.५ बायनरीत, म्हणजे ०-१ च्या पद्धतीत, बरोबर बसतो, पण दुसऱ्या दिवशी १२.६ आला की अडकशील. आणि इनपुट घेताना आधी फ्लोट, म्हणजे पायथनचा दशांश आकडा, करून हजारानं गुणू नको. दशांशचिन्हाच्या दोन्ही बाजूंचे आकडे स्ट्रिंगमधूनच, म्हणजे टाइप केलेल्या मजकुरातूनच, वेगळे काढ. जमलं नाही तर कोड इथंच टाक.